यादीतलं शेवटचं नाव

परवा आमच्या अकोल्याच्या कॉलेजात नव्यानं रुजू झालेल्या इतिहासाच्या बाई ग्रंथालयात आल्या आणि आधुनिक चीनवर काय वाचावं ते सांगा म्हणाल्या. मी कपाटातून पुस्तकं काढून टेबलावर मांडली. कोणतं आधी घ्यायचं, कोणतं अर्धंच वाचून सोडलं तरी चालेल, कोणत्या लेखकावर किती विश्वास ठेवायचा, तेही सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. त्या गेल्यावर लक्षात आलं की मी बोलले त्यातलं माझं काहीच नव्हतं. सगळं गावंडे सरांचं होतं. शेवटचं एक नाव मात्र मी सांगितलं नव्हतं, कारण ते आता सांगून उपयोग नाही.

गावंडे सर अमरावतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत. मी तिथं सहायक ग्रंथपाल होते. माझं घर अकोल्याचं, वडील तिथं वकील. अमरावतीत मी मावशीकडे राहत असे. सरांचं गाव चांदूर बाजारजवळ, भाऊ काळी जमीन कसायचे, आणि घरात कॉलेजपर्यंत पोचलेले हे एकटेच. पांढरा पायजमा, बंद गळ्याचा कोट, डोक्यावर टोपी, काखेत छत्री. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत, पण भ्याले की वऱ्हाडी सुरू व्हायची. आणि ते जवळजवळ नेहमीच भ्यालेले असल्यामुळे आम्ही त्यांच्या तोंडून वऱ्हाडीच ऐकली.

इतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. कुत्रं दिसलं की ते रस्ता बदलत. आभाळ गडगडलं की वर्ग सोडून व्हरांड्याच्या खांबापासून लांब, मधोमध उभे राहत. ग्रंथालयात त्यांची जागा दाराजवळची, पाठ भिंतीला टेकलेली. "मागून कोणी आलेलं मले समजत नाही," म्हणायचे. एकदा कॉलेजात देवीची लस टोचणारा माणूस आला. प्राध्यापकांनी आधी टोचून घेऊन मुलांना उदाहरण घालून द्यावं असं ठरलं, आणि गावंडे सर नाहीसे झाले. दुपारी मी जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत गेले तर गठ्ठ्यांच्या मागे सर बसलेले. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी म्हटलं, सर, तो माणूस गेला मघाशीच. तेव्हा म्हणाले, "तुमी एकदा पाहून या ना, बाई. फाटकापर्यंत." मी फाटकापर्यंत जाऊन पाहून आले, मगच ते उठले.

मुलं त्यांची नक्कल करत, आणि त्यांना ते माहीत होतं. ते नुसते म्हणायचे, "करू द्या. पोट्ट्याइले मी दिसतो तरी कसा, ते मले बी समजते."

चीन त्यांच्या वाट्याला भीतीमुळेच आला. विद्यापीठानं एम.ए.ला पूर्व आशियाच्या इतिहासाचा पेपर ठेवला, तो कोणालाच नको होता. विभागप्रमुखांनी सरांना बोलावलं. नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून सर हो म्हणाले, आणि थेट माझ्याकडे येऊन खुर्चीत बसले. मले चीनमधलं काही म्हणता काही येत नाही, म्हणाले. वर्गात एखाद्यानं प्रश्न विचारला तर मी तिथंच पडीन. त्या प्रश्नाच्या धाकानं त्यांनी पुढची काही वर्षं वाचलं. मुंबईहून रेल्वेनं पुस्तकांची पार्सलं येत. मी ती फोडून नोंदवायच्या आत सर दाराशी उभे असत. त्यांचं म्हणणं असं की भेवानं वाचलेलं डोक्यात बसते, हौसेनं वाचलेलं उडून जाते.

या वाचनातून त्यांची यादी तयार झाली. 'आधुनिक चीन: काय वाचावे' असं वर लिहिलेला एक कागद. दर जूनमध्ये ते ती नव्यानं लिहीत, आमचा कारकून सायक्लोस्टाइल करी, एक प्रत फलकावर लागे आणि बाकीच्या मुलांना वाटल्या जात. मी जन्मभर याद्याच करत आले आहे, पण तशी यादी मला कधी जमली नाही. प्रत्येक पुस्तकापुढे सरांचा शेरा असे. अफूच्या युद्धांवरच्या एका जाड पुस्तकापुढे लिहिलेलं होतं: 'लेखक इंग्रज आहे. तोफांबद्दल भरपूर बोलतो, अफूबद्दल जरा कमी.' दुसऱ्यापुढे: 'हे गृहस्थ चीनमध्ये दोनच महिने होते, त्यामुळे त्यांना सगळे समजले आहे.' राजवट कोसळली त्या काळावरच्या पुस्तकापुढे: 'नावे लक्षात राहणार नाहीत. माझ्याही राहिली नाहीत. तरी वाचावे.' नव्या सरकारची स्तुती करणारं एक आणि शिव्या देणारं एक अशी दोन पुस्तकं कंसात जोडून त्यांनी लिहिलं होतं: 'एकाच आठवड्यात वाचावीत, म्हणजे डोके ठिकाणावर राहील.'

आणि सगळ्यात शेवटी, पुस्तकांच्याच रांगेत, क्रमांक घालून: 'डॉ. चेन, दंतवैद्य, अकोला. कापड बाजाराच्या मागची गल्ली. यांना भेटावे. दात दाखवल्याचे पैसे द्यावेत. गप्पांचे ते घेत नाहीत.'

पहिल्या वर्षी मी विचारलं, सर, हे पुस्तकांच्या यादीत कसं? त्यावर त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. ते आईला कवळी बसवायला अकोल्याला घेऊन गेले होते. स्वतः आत जायची हिंमत नव्हती, म्हणून उंबऱ्यावरच उभे. डॉक्टर चेन आईचं लक्ष दुसरीकडे वळवायला काहीबाही सांगत होते. ते जन्मले कलकत्त्याला, पण वडील दक्षिण चीनमधल्या एका खेड्यातले. वडील लहान असताना तिकडे क्रांती झाली. बादशहाच्या हुकमानं तिथले पुरुष लांब वेणी ठेवत. आता वेणी ठेवली तर क्रांतीचे सैनिक मारत, कापली तर बादशहाचे. गावात कोण कधी येईल याचा नेम नव्हता. मग त्या मुलाच्या आईनं त्याची वेणी डोक्यावर गुंडाळून तिच्यावर टोपी शिवून टाकली. ती टोपी त्यानं झोपेतही काढली नाही. पुढे कलकत्त्यात म्हातारपणीसुद्धा तो रस्त्यात बुटांचा आवाज ऐकला की मानेवर हात न्यायचा.

"पुस्तकात क्रांती भेटते, बाई," सर म्हणाले. "भेव कुठंच भेटत नाही. ते डाक्टरपाशी आहे."

दर वर्षी काही मुलं बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जात. डॉक्टर आधी आ करायला लावत. मी कलकत्त्याचा, मले चीनचं काय विचारता, असं म्हणत चहा सांगत, आणि मग बोलत बसत. वऱ्हाडात इतकी वर्षं काढून त्यांची बोली आमच्यासारखीच झाली होती. मीही सुटीत घरी गेले की त्यांच्याकडे जात असे. माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली.

मग बासष्टचा ऑक्टोबर आला, आणि चीननं सरहद्दीवर हल्ला केला. दिवाळी तोंडावर होती. रोज सकाळी वर्तमानपत्रात एकेका चौकीचं नाव यायचं, आणि ती गेली असं खाली लिहिलेलं असायचं. ग्रंथालयात मुलं नकाशावर तुटून पडत. गावातून मोर्चे निघत, पुतळे जळत. आम्ही सगळेच घाबरलो होतो; मावशी तर विचारायची, इथपर्यंत येतील का गं?

गावंडे सरांनी फलकावरची यादी त्याच आठवड्यात काढली. प्राचार्यांनी सांगितलं नव्हतं. सकाळी फलक रिकामा दिसला आणि टेबलापाशी सर, कागदाचे बारीक बारीक तुकडे करत.  दोन दिवसांनी ते पुन्हा आले. हातात एक साप्ताहिक. त्यात कोणीतरी लिहिलं होतं की अमरावतीच्या एका कॉलेजात मुलांना शत्रूची पुस्तकं वाचायला देतात, आणि अकोल्यातल्या एका चिनी माणसाकडे धडे घ्यायला पाठवतात. कापड बाजार, मागची गल्ली, दंतवैद्य. पत्ता सरांच्याच शब्दांत होता. इतक्या वर्षांत वाटलेल्या प्रती कोणाकोणाच्या घरी होत्या, त्यांतली एक बाहेर आली होती.

"मी त्याचा पत्ता छापला, बाई," ते म्हणाले. "मीच छापला."

मी दिवाळीसाठी घरी निघाले होते. बडनेऱ्याच्या फलाटावर पाहते तर सर. तेही अकोल्यालाच येत होते. डब्यात त्यांनी सबंध वाटभर एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारली: त्याला काही केलं नसेल ना, घराला आग लावली तर शेजारी विझवतील की नाही, त्याला बायको आहे, ती कुठे जाईल. मी म्हटलं, माझे वडील आहेत, आपण पोलिसांत सांगू. पोलिसांचं नाव काढताच ते खिडकीबाहेर पाहू लागले. वाटेत मूर्तिजापूरला उतरून परत जावं असं त्यांच्या मनात आलं होतं. तसं ते बोललेही. पण उतरले नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ते थांबले. दवाखान्याच्या पाटीवर डांबर फासलेलं होतं, एका खिडकीची काच फुटलेली. बाजारात दिवाळीची गर्दी, पण त्या दारासमोर मात्र मोकळी जागा. मुख्य रस्त्यावरून मोर्चाच्या घोषणा ऐकू येत होत्या. "तुमी पुढं चला," सर म्हणाले. मी पुढे झाले. मागे पाहिलं तर ते भिंतीला हात लावत लावत येत होते.

डॉक्टर आत एकटेच बसले होते, हातात काही नाही. आतल्या खोलीच्या पडद्यामागे त्यांची बायको. सरांना पाहून ते उठले आणि आधी रागावलेच.

"आज कशाले आले तुमी? जा. पयले जा इथून."

"दात दाखवाले आलो," सर म्हणाले.

"कोणता दुखून राहिला?"

"तुमी पाहा ना. एखादा सापडन."

डॉक्टरांना समजायला वेळ लागला. घोषणा जवळ येत होत्या. ते दार लावायला निघाले, तर सर म्हणाले, राहू द्या, उघडंच राहू द्या, आणि ही खुर्ची रस्त्याच्या तोंडानं फिरवा. मग हा देवीच्या सुईला भिऊन लपलेला माणूस त्या लोखंडी खुर्चीत चढून बसला, टोपी मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

मी बाकावर बसले. दुसरं काय करावं ते सुचलं नाही. पुढची पेशंट मीच आहे असा चेहरा केला.

मोर्चातला एक घोळका वळून गल्लीत शिरला. पुढच्या एकाच्या हातात अर्धी वीट होती. काढा त्याला बाहेर, असं मागून कोणीतरी ओरडलं, आणि घोळका दारापाशी येऊन थबकला, कारण समोर, अगदी हातभर अंतरावर, एक पन्नाशीचा वऱ्हाडी गृहस्थ आ वासून बसला होता आणि डॉक्टर त्याच्या तोंडात वाकून आरशानं एकेक दात तपासत होते. डॉक्टरांनी मान वर केली नाही. त्यांचा हात स्थिर होता. सरांचे गुडघे मात्र पायजम्याच्या आत लटलट कापत होते. ते मला दिसत होतं, आणि दारातल्यांनाही दिसत असावं. पण दाताच्या खुर्चीत कोणाचेही गुडघे कापतात.

"अबे, हे तर गावंडे सर व्हय," घोळक्यातला एक जण म्हणाला. त्यांचाच जुना विद्यार्थी. "सर, तुमी इथं काय करून राहिले?"

सरांना बोलता येत नव्हतं. त्यांनी वर्गात करायचे तसं एक बोट वर केलं: थांब. आणि तो खरंच थांबला. त्याच्यामुळे बाकीचेही थांबले. डॉक्टरांनी दात कोरायचं, पायानं चालवायचं यंत्र सुरू केलं. त्याची घरघर ऐकून पुढच्या एकदोघांनी तोंडं वाकडी केली. कोणीतरी विचारलं, काढून राहिले का दात? दुसरा म्हणाला, मंग, गंमत वाटली का तुले, माह्या बापाचा काढला तवा तीन जणांनी धरला होता. एक जण हसला. वीटवाल्यानं हात खाली घेतला. वीट तशीच होती, पण ती घेऊन काय करायचं हे त्याला समजेना. रस्त्यावर मोर्चा पुढे सरकला होता, घोषणा लांब चालल्या होत्या. मागचे वळले, मग मधले, शेवटी तो विद्यार्थीही, सर येतो, म्हणून गेला.

डॉक्टरांनी यंत्र थांबवलं. सरांनी डोळे उघडले नाहीत.

"गेले का?"

"गेले."

"बाई, तुमी एकदा पाहून या ना."

मी कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहून आले. त्यानंतरही ते बराच वेळ खुर्चीतून उठू शकले नाहीत. डॉक्टरांच्या बायकोनं चहा आणला, तो बशीत सांडत प्याले. डॉक्टर म्हणाले, सर, दात तुमचे एकदम पक्के आहेत, एकाही दाताला मी हात लावला नाही, यंत्र नुसतंच फिरवलं. तेव्हा सर म्हणाले की खुर्ची रिकामी दिसली तर ते पुन्हा येतील. ती रिकामी ठेवायची नाही.

पुढचं काम माझ्या ओळखीचं होतं. मी घरी जाऊन दिवाळीच्या सगळ्या दिवसांचे तास पाडले आणि नावं भरायला बसले. वडिलांची अशिलं, शेजारच्या काकू, आमचा भाऊ, त्याचा मित्र. आई म्हणाली, अगं, मला दात आहेतच कुठे? मी म्हटलं, हिरड्या दाखव. ती भाऊबीजेच्या सकाळी जरीकाठी लुगडं नेसून तासभर तोंड उघडून बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हातानं नमस्कार करत राहिली. सरांनी गावाकडे निरोप धाडला. त्यांच्या भावकीतली माणसं बसनं आली, आयुष्यभर तंबाखू खाल्लेली. त्यांचे दात खरोखरच गेलेले होते, त्यामुळे डॉक्टरांना त्या दिवसांत जेवायलाही फुरसत मिळाली नाही. सर रोज दाराजवळच्या बाकावर, पाठ भिंतीला लावून. बाहेर जरा मोठ्यानं बोलणं ऐकू आलं की पुढचा पेशंट डावलून स्वतःच खुर्चीत जाऊन बसत.

दवाखान्यावर पुन्हा कोणी चालून आलं नाही. पण तेवढ्यानं भागलं असं म्हणता येणार नाही. डॉक्टरांना पोलीस ठाण्यात ठरल्या दिवशी हजेरी द्यावी लागे. परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. दूधवाला दूध दारात ठेवून न बोलता निघून जाई. कॉलेज उघडल्यावर प्राचार्यांनी सरांना बोलावून विचारलं, अकोल्याचं हे काय ऐकतो? सर म्हणाले, दात दुखत होता साहेब. हे सांगताना त्यांची वऱ्हाडी इतकी दाट झाली होती की प्राचार्य पुण्याचे असल्यामुळे त्यांनी पुन्हा विचारलंच नाही. चीनचा पेपर त्या वर्षी गुपचूप बंद झाला. पुस्तकं मी वरच्या फळीवर हलवली. सर येत, दाराजवळ बसत, आणि वरच्या फळीकडे पाहत नसत.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी कलकत्त्याला भावाकडे जायचं ठरवलं. तशी परवानगी मिळाली होती. मी तोवर अकोल्याच्या कॉलेजात नोकरी धरली होती, म्हणून सरांना कळवणं माझ्याकडे आलं. ते दुसऱ्याच दिवशी हजर. दवाखान्यात खुर्ची नव्हती. ती नागपूरच्या कोणीतरी विकत नेली होती. सर त्या रिकाम्या जागेकडे पाहत म्हणाले, आता कोणी काही करून नाही राहिलं डाक्टर, मंग काहून जाता? आमी आहोत ना.

डॉक्टर चेन हसले. "सर, रोज नवा दात कुठून आणान तुमी?"

डॉक्टर गेल्यानंतर गावंडे सर मला पुन्हा भेटले नाहीत. दोनेक वर्षांनी ते गावीच वारले, झोपेत. निरोप उशिरा मिळाला. म्हणून मला शेवटचे आठवतात ते अकोल्याच्या फलाटावरचे.

कलकत्त्याची मेल दुपारची. ऊन रणरणत होतं. डॉक्टर, त्यांची बायको, दोन ट्रंका. पोचवायला गल्लीतले काही शेजारी आले होते, मी होते, सर होते. गाडी लागायच्या आधी एक हवालदार आला. चेन निघाले याची नोंद त्याला घ्यायची होती. ती घेतल्यावर त्यानं आमच्याकडे पाहून विचारलं, पोचवायला कोण कोण आलं आहे, नावं सांगा. शेजारी एकेक करून पाण्याच्या नळाकडे सरकले. मीही एक पाऊल मागे घेतलं. नवी नोकरी होती.

सर पुढे झाले.

"लिहा," ते म्हणाले. "महादेव तुकाराम गावंडे." त्यांनी गाव सांगितलं, कॉलेज सांगितलं, विषय सांगितला. हवालदारानं मध्येच पेन्सिल थांबवली तेव्हा म्हणाले, "घ्या ना, पुरतं लिहून घ्या."

"यांचे कोण लागता तुमी?" हवालदारानं विचारलं.

सरांनी डब्याच्या दाराकडे पाहिलं. डॉक्टर ट्रंक आत ओढत होते.

"विद्यार्थी," सर म्हणाले. "विद्यार्थी लिहा."

हवालदारानं त्यांच्या पिकल्या केसांकडे पाहिलं, पण लिहिलं. मी सरांच्या मागे उभी होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले होते आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट आवळून धरलं होतं. तरी बोटांत अडकवलेली छत्री थरथरत होती, आणि तिचं टोक फरशीवर टकटक वाजत होतं. गाडी हलली, इंजिनाचा आवाज वाढला, आणि ती टकटक मला ऐकू येईनाशी झाली. छत्री मात्र तशीच हलत राहिलेली दिसत होती, शेवटचा डबा जाईपर्यंत.